चार लाल चिंध्या

नाशिक, १२ ऑगस्ट २०२५

उज्वलावहिनी,

"आलंय ते बाहेरून आलंय, ताई. माझ्या गवतातलं नाही ते."

सहा वर्षांपूर्वी मुंगसऱ्याला तुमच्या हिरवळीच्या वाफ्यात उभं राहून तुम्ही हे म्हणालात. त्यावर मी काय म्हणाले तेही मला आठवतं. मी म्हणाले, "सगळे शेतकरी असंच म्हणतात, वहिनी." म्हणताना तुमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. नमुन्याच्या पिशवीवर नंबर घालत होते.

नमस्कार लिहीत नाही, तो तुम्ही घेणार नाही. सहा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. दादाला राखी पोस्टाने जाते, ती तो बांधतो की नाही तेही ठाऊक नाही. आज पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल आणि तुम्ही ते घडी घालून फडताळात टाकाल. टाकण्याआधी एवढी दोन पानं वाचा.

प्रयोगशाळेतला जुना फ्रीजर बंद पडायला आलाय. त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं हे बघायला मी स्नेहलला बसवलं. स्नेहल माझ्याकडे पीएच.डी. करते. मुलगी हुशार, आणि प्रश्न विचारायला तिला अजिबात लाज नाही. हिरवळीवर रोग पाडणाऱ्या बुरशीचे नाशकात किती प्रकार आहेत, हा तिचा विषय. लग्नाची लॉन्स, बंगल्यांची अंगणं, रिसॉर्ट, मैदानं, सगळीकडून ती डाग पडलेलं गवत गोळा करत हिंडते. तिला फ्रीजरच्या तळाशी एक डबा सापडला. डब्यात छोट्या बाटल्या, बाटल्यांत वाळलेले गव्हाचे दाणे, आणि दाण्यांवर सहा वर्षं झोपलेली बुरशी. झाकणावर माझं अक्षर: 'क्लब मैदान' आणि 'उज्वला नर्सरी', ऑगस्ट २०१९.

"मॅडम, ही उज्वला कोण?"

"माझी वहिनी."

"अय्या! मग त्यांच्याकडून ताजा नमुना मिळेल की."

"नाही मिळणार," मी म्हणाले, आणि काहीतरी शोधायला कपाटाकडे गेले. कपाटात काही शोधायचं नव्हतं.

स्नेहलने त्या बाटल्यांतली बुरशी पुन्हा वाढवली आणि तिचा डीएनए वाचून घेतला. शुक्रवारी निकाल आला. क्लबच्या मैदानावरचा रोग तुमच्या वाफ्यांतून गेलेला नव्हता.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

त्या वर्षी काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी ते स्वतःच्या हाताने एकदा लिहिलं पाहिजे. आदल्या वर्षी क्लबच्या मैदानाला तुम्ही हिरवळ पुरवली होती. पावसाळ्यात तिथे जुन्या मोठ्या रुपयाएवढे वाळके, पांढुरके डाग पडले. पुढे तुमच्या वाफ्यांतही तसेच दिसले. क्लबने मला विचारलं, हा रोग कुठून आला? मी दोन्हीकडचे नमुने घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, दोन्ही सारखेच दिसले. अहवालात लिहिलं, 'रोगाचा उगम पुरवठादाराच्या रोपवाटिकेत असल्याचे दिसते.' आठ दिवसांत ते वाक्य गावभरच्या माळ्यांच्या आणि लॉन्सवाल्यांच्या मोबाइलवर फिरलं. जमीनमालकाने जागा सोडायला सांगितली. तुम्ही दीड एकर हिरवळ नांगरून टाकलीत आणि दादाला घेऊन कळवणला माहेरी गेलात.

तेव्हा डीएनए वाचायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, वहिनी. जे दिसलं ते मी लिहिलं.

प्रतिभा


२१ ऑगस्ट

वहिनी,

काल दादाचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून केला.

"प्रतिभा, पत्रं नको लिहू."

"वाचलं का त्यांनी?"

"दोनदा वाचलं. मग कांद्याच्या रोपाला पाणी सोडायला गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. शेवटी मोटर मी बंद केली."

"काही म्हणाल्या?"

दादा मग म्हणाला, "म्हणाली, यंत्र नव्हतं म्हणे."

एवढंच. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दूध दोनदा उतू गेलं. वर्गात एकच गोष्ट दोनदा शिकवली, आणि पोरांनी गप्प ऐकून घेतली.

तुम्ही बरोबर पकडलंत. यंत्र लागत नव्हतं. काचेच्या बशा पुरल्या असत्या.

मी एम.एस्सी. करत होते आणि तुमच्याकडे राहत होते, ते दिवस तुम्ही विसरला नसणार. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून दादाने मला आणलं, आणि तुम्ही लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी नणंदेसाठी आतली खोली रिकामी केलीत. माझ्या बशा तुमच्या मसाल्याच्या कपाटात असायच्या. आई ओरडायची, "अगं, मेली बुरशी टपून असते माझ्या लोणच्यावर पडायला आणि तू ती पाळतेस?" तुम्ही मात्र रोज सकाळी चहा टाकायच्या आधी त्या बशांत डोकावायचात. एका बशीत मी दोन बुरश्या समोरासमोर ठेवल्या होत्या. आठवड्याने त्या वाढत वाढत मधोमध आल्या आणि तिथे एक काळपट रेघ उमटली.

"ही रेघ कसली, ताई?"

"दोघी वेगळ्या कुळातल्या आहेत. एकाच कुळातल्या असत्या तर मिसळून गेल्या असत्या."

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलंत, तिथे आई भाजी निवडत होती, आणि हळूच म्हणालात, "मग आमच्या दोघींच्या मधे पण अशी रेघ असणार. दिसत नाही एवढंच." आपण दोघी किती हसलो. आई विचारत होती, काय झालं, काय झालं.

म्हणून तुम्हाला ठाऊक होतं. क्लबच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या आणि तुमच्या वाफ्यातल्या बुरश्या बशांत एकमेकींसमोर ठेवून दहा दिवस थांबायचं, एवढंच काम होतं. क्लबला अहवाल शुक्रवारी हवा होता. मी थांबले नाही.

आणखी एक, तेही लिहिते. नमुना दुसऱ्या कुणाचा असता तर मी कदाचित थांबले असते. तुम्ही माझ्या वहिनी होतात. उद्या कुणी म्हणू नये की प्रतिभाने घरच्यांना पाठीशी घातलं. मी माणसांसमोर सरळ दिसावं म्हणून तुमच्याशी वाकडी वागले.

दादा म्हणाला पत्रं लिहू नको. तुम्ही म्हणालात का तसं? तुम्ही म्हणाला असाल तर थांबेन. तो म्हणाला असेल तर नाही थांबणार.

प्रतिभा


१ सप्टेंबर

वहिनी,

तुमच्याकडून नकार आला नाही, म्हणून लिहितेय. हे फार सोयीचं अनुमान आहे, कळतंय मला.

घरी गणपती आहेत. सकाळी दूर्वा निवडायला बसले आणि आईची आठवण झाली. तुम्ही पहिल्यांदा वाफे पाडलेत तेव्हा तिने सगळ्या शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. "बघा गं, आमचा जन्म गेला हरळी उपटण्यात, आणि आमची सून हरळीला पाणी घालती!" आणि मग त्याच हरळीच्या गुंडाळ्या करून टेम्पो भरून जायला लागल्यावर, "माझ्या सुनेची हरळी" असं ती देवळात सांगायला लागली. ती गेली ते अहवालाच्या आधी, हे बरं झालं.

कुसाबाई परवा आल्या होत्या. तुमच्याकडे निंदायला यायच्या त्या कुसाबाई, आता त्यांची लेक कळवणलाच दिली आहे. पायरीवर बसून चहा बशीत ओतत म्हणाल्या, "तुझी भावजय पुन्हा गवत लावती बरं का."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"लय नाय, दोनच गुंठं हाय. पण काय जपती बाई त्याला! फाटकाला बादली ठिवली, पाय धुतल्याबिगर आत पाऊल टाकू देत नाय. इळा सुदीक आपला चालत नाय, तिचाच घ्यायचा. म्या म्हणलं, उज्वला, गवत हाय का देवघर?"

"मग?"

"मग काय! म्हणली, कुसामावशी, पाय धुवा."

कुसाबाई हसल्या. मला हसू आलं नाही. वहिनी, तुम्ही हे कुठे शिकलात? या बुरशीला वाऱ्यावर उडणारं बी सहसा धरत नाही. ती रोगट पानाच्या तुकड्यांतून जाते. गवत कापायच्या यंत्राला चिकटून, बुटाच्या तळव्याला चिकटून, हत्याराच्या धारेला लागून. आम्ही हे पुस्तकातून शिकवतो. तुम्ही सहा वर्षं विचार करून शिकलात, असं मला वाटतं, आणि म्हणूनच मला झोपताना तो विचार नकोसा होतो.

स्नेहलचा तक्ता माझ्यासमोर आहे. तो तुम्हाला सांगते, अवघड नाही.

क्लबच्या मैदानातल्या वीस बाटल्या होत्या. त्यांत बुरशीचे सात वेगवेगळे प्रकार निघाले. दिसायला सगळे एकसारखे, आतून सात. उज्वला नर्सरीच्या चौदा बाटल्या होत्या. चौदाच्या चौदा एकच प्रकार, तोही मैदानातल्या सातांपैकीच. एकाच आईची लेकरं म्हणा, त्याहून जवळची.

स्नेहल मला विचारत होती, "मॅडम, जिथे सात प्रकार आहेत तिथे बुरशी जुनी, हो ना? पिढ्यानपिढ्या नांदतेय. आणि जिथे एकच आहे तिथे नुकतीच, एकदाच कुणीतरी नेलेली. मग नर्सरीतून मैदानात गेली असं तुम्ही कसं लिहिलंत? उलट आहे हे."

उलट आहे हे. तेवीस वर्षांची मुलगी चहा पिता पिता म्हणाली. तिला माहीत नव्हतं ती कुणाशी काय बोलतेय.

तुम्ही हिरवळ देण्याच्या कितीतरी आधीपासून ती बुरशी त्या मैदानात होती. तुमचं निरोगी गवत तिच्या अंगावर अंथरलं गेलं. आणि नंतर कधीतरी तिचा एकच प्रकार, पूर्वेकडच्या गळक्या नळाजवळचा, मैदानातून निघून तुमच्या वाफ्यात आला.

१५ ऑक्टोबरला क्लबची सभा आहे. नव्या मैदानासाठी हिरवळ कुणाकडून घ्यायची ते ठरणार आहे. घ्यायची नाही अशांच्या यादीत तुमचं नाव अजून आहे, माझ्या वाक्यामुळे. त्या सभेत मी सुधारित अहवाल ठेवणार. तुमचं नाव तिथून पुसलं गेल्याशिवाय मला चैन नाही.

तो प्रकार मैदानातून तुमच्याकडे कसा आला, हे अजून नक्की सांगता येत नाही.

प्रतिभा


१९ सप्टेंबर

वहिनी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. लिहितानाच मला ते माहीत होतं.

२०१९ च्या आषाढात तुम्ही मला तळणाला बोलावलं होतं. त्या सकाळी मी पहिल्यांदा क्लबच्या मैदानावर गेले होते, नुसती पाहणी करायला. गळक्या नळाजवळ चिखल होता. मी तिथली माती काढून मुळं पाहिली आणि तशीच स्कूटरवर मुंगसऱ्याला आले. उशीर झाला होता आणि कापण्या गार होतील म्हणून तुमचा दोनदा फोन येऊन गेला होता. पायांत तेच बूट. पिशवीत तेच माती काढायचं नळकांडं, जेमतेम पुसलेलं. प्रत्येक ठिकाणानंतर ते स्पिरिटने पुसून जाळावर धरायचं, हे मी पोरांना पहिल्या तासाला शिकवते.

जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात, "ताई, ते काय असतं ते दाखवा ना." आपण वाफ्यात गेलो. मी नळकांडं दाबून फिरवलं, वर ओढलं, आणि गवत, मुळं, माती असा गोल तुकडा सबंध बाहेर आला.

"अगं बाई! केकसारखं निघालं की!"

तुम्हाला इतका आनंद झाला की मी आणखी तीन ठिकाणी काढून दाखवलं. मुळं किती खोल गेलीत ते तुम्ही बोटाने मोजत होतात.

वहिनी, मला हे आठवत नव्हतं असं मी सांगू शकले असते. तुम्ही विश्वास ठेवला नसता. पण खरं म्हणजे मला ते आठवायचं नव्हतं. परवा पुरावा हातात आला तेव्हा मात्र पळायला जागा उरली नाही.

त्या ऑगस्टमध्ये, डाग पडल्यावर, मी तुमच्या वाफ्याचे फोटो काढले होते. संगणकात मूळ फोटो अजून आहेत. स्नेहल मागे उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, ह्या लाल चिंध्या कसल्या?"

वाफ्यात चार काड्या रोवलेल्या. प्रत्येक काडीला लाल चिंधी. आणि डाग त्या चार काड्यांभोवती सगळ्यांत दाट, तिथून बाहेर विरळ होत गेलेले.

सांगू मला तेव्हा काय वाटलं होतं? मला वाटलं, नजर लागू नये म्हणून तुम्ही त्या बांधल्यात. मला लाज वाटली. माझ्या अहवालात, क्लबच्या लोकांसमोर, माझ्या वहिनीच्या शेतातल्या दृष्टीच्या चिंध्या! अहवालात घालताना मी फोटोची ती कड कापून टाकली.

आता दिसतंय. मी काढलेली ती चार भोकं. ती बुजेपर्यंत कुणाचा पाय पडू नये म्हणून तुम्ही खुणा लावल्या होत्यात. तुम्ही वाफ्यात काहीही वेगळं केलं की चिंधी बांधायचात, पांढरी खताची, निळी नव्या बियाण्याची. सगळ्या निंदणाऱ्या बायकांना ते ठाऊक होतं. एकट्या शिकलेल्या बाईला नव्हतं, कारण तिने कधी विचारलं नाही.

रोग तुमच्याकडे मी आणला. मीच आणला आणि मग त्याच्या मागावर येऊन तुमच्यावर टाकला.

आणि एक गोष्ट कालपासून मला एका जागी बसू देत नाही. तुम्ही रोज त्या वाफ्यात फिरणाऱ्या. डाग पहिल्यांदा चिंध्यांपाशी उठले हे तुम्हाला दिसलं असणार. त्या चिंध्या कशाच्या होत्या हेही माहीत. मग तुम्ही मला नुसतं "बाहेरून आलंय" का म्हणालात? "तुम्ही आणलंत" का नाही म्हणालात? त्या दिवशी माझ्या शेजारी क्लबचे सेक्रेटरी उभे होते. मला प्रयोगशाळेची प्रमुख होऊन तीन महिने झाले होते.

वहिनी, तुम्ही त्यांच्यासमोर मला सांभाळलंत का?

याचं उत्तर देऊ नका असं एक मन म्हणतं.

प्रतिभा


१६ ऑक्टोबर

वहिनी,

काल सभा झाली. सोबत सुधारित अहवाल पाठवतेय. त्यात फोटो सबंध आहे, चारही चिंध्या दिसतात.

आधी दीपक सरांचं सांगते. सर आमच्या संस्थेचे संचालक, माणूस वाईट नाही. त्यांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "प्रतिभा, 'नव्या तंत्रामुळे पूर्वीच्या निष्कर्षात सुधारणा', एवढं पुरे आहे. वहिनींचं नाव त्याने स्वच्छ होतं. ते नळकांडं, ते बूट, कशाला?"

"नाहीतर लोक म्हणतील, तिच्या वाफ्यात रोग होता तो होताच."

"लोक म्हणतील, लोक म्हणतील! सहा वर्षांपूर्वी पण लोक काय म्हणतील म्हणूनच घाई केलीस ना?"

बरोबर होतं त्यांचं. मी सांगितलं, "सर, यावेळी वहिनींना काय वाटेल म्हणून करतेय." त्यांनी मसुदा परत दिला, खाडाखोड न करता.

सभेत पंधरा-सोळा जण होते. वडे आले होते, ते गार होत होते. मी उभी राहून सगळं वाचलं. सात प्रकार, एक प्रकार, पूर्वेचा नळ, आषाढातली ती दुपार. मधेच एक मेंबर म्हणाले, "थांबा मॅडम, मला नीट कळू द्या. म्हणजे रोग शोधायला ज्या डॉक्टरला बोलावलं, तिनेच तो पेरला?"

"हो," मी म्हणाले.

"आणि बिल आपणच दिलं!"

सगळे हसले. मलाही हसू आलं, कुणास ठाऊक कसं. मग हसणं थांबलं, आणि सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत हो. मी तिथेच होतो."

तुमचं नाव यादीतून काढलं. सेक्रेटरींच्या सहीचं पत्र सोबत आहे, त्याच्या दोन प्रती काढून माळ्यांच्या आणि लॉन्सवाल्यांच्या मंडळांना मी स्वतः नेऊन दिल्या. यापुढे क्लबचं कुठलंही काम मला मिळणार नाही. प्रयोगशाळेतही चौकशी होईल, तोपर्यंत अहवालांवर माझी सही चालणार नाही. स्नेहल सही करायला दुसरं कुणीतरी शोधतेय आणि माझ्यावर चिडली आहे. "आधी मला का नाही सांगितलं?" म्हणते. तिचंही बरोबर आहे. या महिन्यात सगळ्यांचंच बरोबर आहे.

क्लब तुमच्याकडे हिरवळ मागेल. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांच्या जुन्या मैदानात ते सात प्रकार अजून नांदताहेत. तुमच्या जागी मी असते तर त्यांचा टेम्पोसुद्धा फाटकाशी येऊ दिला नसता.

आज सकाळी कुसाबाई कळवणहून आल्या. मी विचारायच्या आधीच पायरीवर बसून म्हणाल्या, "निरोप हाय तुला."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणली, तिला सांग, मला तवाच कळलं व्हतं."

"आणि?"

"आणि काय नाय. म्या पण इचारलं, मग बोलली का नाय गं? तर म्हणली, मला वाटलं दोन दिसांत तिचं तिलाच कळंल. लय हुशार हाय ती."

मी आत गेले. कुसाबाई बाहेरून ओरडत राहिल्या, "चहा टाकतीस का जाऊ?" मी चहा टाकला. साखर घातली की नाही आठवत नाही, पण त्यांनी पिऊन टाकला.

दोन दिवस तुम्ही वाट बघितलीत. मग आठ दिवस. मग नांगर घातलात. मला कळायला सहा वर्षं लागली, तीही कुणीतरी डबा उघडून हातात दिला तेव्हा.

माफी मागत नाही. ती मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुमच्यावर आणखी एक काम टाकायची माझी इच्छा नाही. पण एक गोष्ट मागते.

पुढच्या गुरुवारी भाऊबीज आहे. ओवाळायला येऊ का म्हटलं तर दादा नाही म्हणणार नाही. तुम्हीही पाट मांडाल, ताट लावून द्याल, आणि माझ्याशी न बोलता आत जाल. त्यासाठी मी येईनच, तुम्ही वाढाल ते जेवेन. मी मागतेय ते वेगळं.

मला तुमच्या दोन गुंठ्यांत येऊ द्या.

बूट आणणार नाही. नव्या चपला घालून येईन, त्याही फाटकाबाहेर काढीन. तुमच्या बादलीत पाय धुईन, तुम्ही म्हणाल तितके वेळा. हातात काही नसेल. एका कोपऱ्यात, तुम्ही दाखवाल तिथे, मिनिटभर उभी राहीन आणि बाहेर येईन. मग मी उभी होते त्या जागी काडी रोवा, लाल चिंधी बांधा, आणि तीन आठवडे बघा. डाग उठला तर मला कळवा. नाही उठला तरी कळवा.

तुम्ही नाही म्हणाल. दुसऱ्या कुणा शेतकऱ्याने मला विचारलं असतं, की अशा बाईला वाफ्यात घेऊ का, तर मी त्याला हात जोडून सांगितलं असतं, घेऊ नका. तुमचं गवत नवं आहे, आणि या बाईचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

तरी विचारते, वहिनी. येऊ का?

प्रतिभा